रंगभवन गप्प कोणी केले?

१/ मावळातील शिरगाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते ‘प्रति शिर्डी’ म्हणून. तेथून लोणावळ्याच्या दिशेने निघाले की तळेगाव, वडगाव, कामशेत ओलांडल्यावर मळवली लागते. मळवलीला उतरणारा माणूस बहुधा भाजे नाहीतर कार्ल्याची लेणी पाहायला आलेला असतो. याच मळवलीत १९७१ मध्ये ‘भारताचे वुडस्टॉक’ म्हणवला गेलेला रॉक संगीताचा मेळा भरला होता, हे मात्र मावळातील तरुणांनाही क्वचितच ठाऊक असते.

२/ त्या मेळ्याचे नाव ‘स्नेहयात्रा’. अमेरिकेतील वुडस्टॉकला (१९६९) तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. भाज्याच्या लेण्यात वाद्य वाजवणारी एक स्त्री आणि तिच्या तालावर नाचणारी दुसरी, अशा आकृती कोरल्या आहेत. त्या दोन हजार वर्षे टिकल्या. त्याच डोंगरांच्या कुशीत पन्नास वर्षांपूर्वी वाजलेल्या गिटारची साक्ष मात्र उरली आहे ती हजर असलेल्यांच्या आठवणींत आणि थोड्याबहुत इंग्रजी लेखनात.

३/ मेळा उठतो, मांडव उतरतो. संगीताला रुजण्यासाठी कायमचे अंगण लागते. महाराष्ट्रातील रॉकला ते मिळाले मुंबईत, धोबी तलावाजवळ. त्याचे नाव रंगभवन. हा थ्रेड त्या अंगणाविषयी आणि त्याच्याबद्दल रूढ झालेल्या तीन सोयीस्कर समजुतींविषयी आहे.

४/ आजच्या पिढीने ‘रंगभवन’ हा शब्द ऐकला असेल तो वेगळ्याच संदर्भात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांना वीरमरण आले ते कामा रुग्णालयालगतच्या रंगभवन गल्लीत. गल्लीचे नाव देशभर पोहोचले. ज्या वास्तूवरून ते नाव पडले, ती वास्तू तोवर मुकी झालेली होती.

५/ रंगभवन म्हणजे राज्य शासनाच्या मालकीचे खुले नाट्यगृह. वर आकाश, समोर रंगमंच, एका बाजूला सेंट झेवियर्स महाविद्यालय, दुसऱ्या बाजूला कामा रुग्णालय. १९७८ मध्ये ‘जॅझ यात्रा’ हा आंतरराष्ट्रीय महोत्सव येथेच सुरू झाला. निरंजन झवेरी हे त्यामागचे प्रमुख नाव. पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स यांनी तेथे वादन केले.

६/ १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू केला. तोच पुढे ‘आय-रॉक’ म्हणून प्रसिद्ध झाला. त्या काळी इंटरनेट नव्हते, खासगी वाहिन्या नव्हत्या. परदेशी कॅसेट एका घरातून दुसऱ्या घरात फिरत असे. अशा काळात आपल्यासारखेच वेड असलेली हजारो माणसे या शहरात आहेत, हे कळण्याची जागा रंगभवन होती. चाहत्यांच्या आठवणींत कार्यक्रमांइतकेच हे आश्चर्य भरून राहिलेले असते.

७/ आता पहिली समजूत: ‘रॉक म्हणजे इंग्रजाळलेल्या मूठभरांची नक्कल, त्याचा महाराष्ट्राच्या इतिहासाशी संबंध काय?’ आरंभी बँड परक्यांची गाणी वाजवत, हे खरे. पण १९८४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ने १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. नकलेकडून निर्मितीकडे जाणारा हा प्रवास समोर बसलेल्या श्रोत्यांशिवाय होत नाही.

८/ शिवाय परकेपणाचा निकष लावायचाच, तर हार्मोनियमचे काय करावे? युरोपातून आलेली ही पेटी संगीत नाटकाने आपली केली आणि आज ती भजनी मंडळांतही आहे. कोणतेही वाद्य परके राहते ते लोक त्याला हात लावत नाहीत तोवरच. धोबी तलावच्या गर्दीने गिटारला हात लावला होता.

९/ दुसरी समजूत चाहत्यांची लाडकी: ‘कायद्याने रंगभवन मारले.’ कायदा काय सांगतो ते आधी पाहावे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० सालचे. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. तेथील मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल. रॉकचा कार्यक्रम या आकड्यांत बसणे अशक्य. त्यानंतरच्या काही वर्षांतच रंगभवनातील मैफली थांबल्या.

१०/ हा नियम अन्यायाचा होता काय? मुळीच नाही. कामा हे स्त्रिया आणि बालकांचे रुग्णालय असून ते १८८६ पासून तेथे उभे आहे. बाळंतिणीच्या झोपेपेक्षा गिटारचा सोलो मोठा, असे म्हणण्याचे धाडस कोणत्याही चाहत्याने करू नये. आठवण कितीही गोड असली, तरी भिंतीपलीकडच्या खाटेवरील रुग्णाच्या रात्रीचा हिशेब तिच्यात मांडलेला नसतो.

११/ मात्र येथेच तिसरी समजूत उभी राहते आणि ती सर्वांत फसवी आहे: ‘नियम आला, मग शासन तरी काय करणार?’ नियमाने मोठा आवाज थांबवला. काव्यवाचन, अभिवाचन, प्रदर्शन, शांत नाट्यप्रयोग यांना तेथे कोणी मनाई केली होती? रात्रीच्या ध्वनिक्षेपक बंदीतून बंदिस्त सभागृहे त्याच नियमांत वगळलेली आहेत. म्हणजे वास्तूचा नव्याने विचार करण्याची दिशाही नियमांतच सापडत होती.

१२/ इच्छा असली की मार्ग कसा निघतो, याचे उदाहरण त्याच शहरात आहे. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिवाजी पार्कला शांतता क्षेत्र ठरवले. तरीही वर्षातील ठरावीक दिवस राखून तेथे समारंभ आणि सभा होत राहिल्या. २०१७ मध्ये केंद्राने शांतता क्षेत्रांच्या नियमांतच बदल केला आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्या आवाजामागे मते आहेत, त्याच्यासाठी अर्ज होतात, वकील उभे राहतात, नियमही बदलतात. रंगभवनाच्या आवाजामागे मतपेढी नव्हती.

१३/ रंगभवनाच्या पुनरुज्जीवनाच्या घोषणा वेळोवेळी झाल्या. मराठी भाषा भवनासाठीही ही जागा पुढे आली होती. वास्तूच्या वारसा दर्जाचा प्रश्न आला आणि अखेर त्या भवनाचे भूमिपूजन २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, चर्नी रोडला झाले. यात एक विलक्षण विसंगती आहे. वारसा म्हणून जागा पाडता येत नाही, हे मान्य. पण वारसा म्हणून ती जिवंत ठेवण्याची निकड कोणालाच भासत नाही. हा वारशाचा अर्थ नव्हे. ही कुलूप लावण्याची सबब झाली.

१४/ लिव्हरपूलचा ‘कॅव्हर्न क्लब’ आठवावा. बीटल्स जिथे घडले ते तळघर १९७३ मध्ये बंद करण्यात आले. कारण दिले गेले रेल्वेच्या वायुवीजन मार्गाचे. तो मार्ग कधी बांधलाच गेला नाही! पण त्या शहराने चूक ओळखली. १९८४ मध्ये त्याच परिसरात, जुन्या विटांपैकी बऱ्याच वापरून, क्लब पुन्हा उभा राहिला. येथे तर विटा शोधण्याचीही गरज नाही. वास्तू जागेवर आहे.

१५/ दोषाचा एक वाटा चाहत्यांच्याही पदरात घालावा लागेल. ‘आमच्या वेळी काय दिवस होते’ असे म्हणून उसासा टाकला की कर्तव्य संपले, असे त्यांनी मानले. उसाशाला तारीख नसते. कोणता बँड कोणत्या वर्षी वाजला, तिकीट किती होते, ध्वनियंत्रणा कोणी लावली, हे लिहून ठेवले नाही तर पुढच्या संशोधकाच्या हाती दंतकथाच येतील. स्नेहयात्रेचे नेमके हेच झाले. रंगभवनाचे होऊ घातले आहे.

१६/ इतिहासाची आवड असलेल्या तरुणांना येथे खरे काम आहे. किल्ल्याच्या तटबंदीची मोजमापे घेणाऱ्यांनी घरातील आत्या-मामांच्या कपाटांकडेही वळावे. तिकिटांचे तुकडे, पत्रके, छायाचित्रे, घरी ध्वनिमुद्रित केलेल्या कॅसेट, यांवर साल आणि ठिकाण लिहून घ्यावे. मळवलीला गेलेली माणसे आज सत्तरीत आहेत. हे साधन फार दिवस थांबणारे नाही.

१७/ आणि शासनाकडे मागणी एकच असावी. रुग्णालयाची शांतता अबाधित ठेवून रंगभवनाचे दार उघडावे. तेथे रॉक पुन्हा वाजणार नाही, हे मान्य करावे. पण शब्द, नाटक, चित्रे आणि त्या मैफलींचे दफ्तर यांना तेथे जागा मिळावी. बाळंतिणीला शांतता हवी आहे; नाट्यगृह ओस पडावे, असे तिने कधीच मागितले नव्हते.

(समाप्त)