औषध आवाक्यात, छातीचा प्रश्न कायम

ऑक्टोबर २०२५ मध्ये रिस्डिप्लामच्या भारतीय आवृत्तीचा न्यायालयीन मार्ग मोकळा झाला आणि सहा लाखांच्या घरातली बाटली १५ हजार ९०० रुपयांवर आली. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीच्या तीव्र प्रकारात पूर्वी बहुतेक बालके दोन वर्षेही काढत नसत. औषधामुळे ती आता वाढू लागली आहेत. त्यांच्या वयाबरोबर छातीचा प्रश्नही वाढतो.

या आजारात बरगड्यांमधले स्नायू दुबळे पडतात, श्वासपटल मात्र बऱ्याच अंशी शाबूत राहते. ते एकटेच श्वास ओढते तेव्हा पोट फुगते आणि छाती आत खेचली जाते. असे महिनोन्महिने चालले की कोवळ्या बरगड्या खाली झुकतात, छातीला घंटेचा आकार येतो आणि फुप्फुसांना वाढायला जागा उरत नाही. पुढे अनेकदा कणाही वाकतो.

हा बदल वर्षानुवर्षे तपासत राहावा लागतो. अमेरिकेत १९१२ ते १९६५ या काळात पाठीच्या वक्रतेचे निदान झालेल्या ५,५७३ स्त्रियांच्या अभ्यासात प्रत्येकीचे सरासरी सुमारे २५ एक्स-रे निघाले होते. स्तनाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू अपेक्षेपेक्षा जवळजवळ ७० टक्के अधिक होते. तेव्हाची मात्रा आजच्याहून पुष्कळ जास्त होती, हे खरे. तरीही मोजणीचा दुसरा मार्ग शोधण्यास हे कारण पुरेसे आहे.

एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही आणि श्वासपटलाची हालचालही दिसते. पण यंत्रात निश्चल पडून राहावे लागते. तान्हे बाळ पाजून झोपवता येते. दोन वर्षांच्या मुलाला बहुधा गुंगी द्यावी लागते. ज्याचा श्वासच क्षीण, त्याच्यासाठी ती गुंगी एका एक्स-रेहून धोकादायक ठरू शकते. ‘किरणोत्सर्गमुक्त’ म्हणजे निर्धोक नव्हे, हे सहसा कोणी सांगत नाही.

अंगावर प्रकाशाचे पट्टे टाकून कॅमेऱ्याने छातीचा त्रिमितीय आकार टिपणारे स्कॅनिंग त्या मानाने साधे आहे. काही सेकंदांत होते, गुंगी लागत नाही. त्वचेखालचे काही दिसत नाही, त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी एक्स-रे टळत नाही. मात्र मागच्या खेपेपेक्षा छाती किती आक्रसली, हे त्यातून कळू शकते. श्वासपटलासाठी जोडीला सोनोग्राफी आहेच.

२०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते, पण मोजक्या केंद्रांमधूनच. वादही सारा औषधाच्या किमतीभोवती फिरला. दर सहा महिन्यांनी मुलाची छाती कोणी, कुठे मोजायची आणि ती नोंद कोणाकडे राहायची, हा विषय त्यात जवळपास आलाच नाही.