ऑड्री हेपबर्नचा काळा झगा

इ. स. २००६ च्या डिसेंबरच्या ५ तारखेस लंडन शहरीं क्रिस्टीज या लिलाव करणाऱ्या पेढींत एक काळा झगा विकला गेला. झगा साटिनचा, टांचेपर्यंत लांब. त्यास बाह्या नाहींत, जर नाहीं, खडे नाहींत; पाठीच्या वरच्या अंगास जरा निराळी कापणी आहे, एवढाच काय तो नखरा. किंमत आली ४ लक्ष ६७ हजार २०० पौंड. ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’ या १९६१ सालच्या अमेरिकन बोलपटाकरितां ऑड्री हेपबर्न या नटीसाठीं जे झगे तयार झाले त्यांपैकीं हा एक. तो बेतणारे पॅरिसचे कारागीर उबेर द जिव्हाँशी यांनीं तो दोमिनिक लापिएर या फ्रेंच लेखकास देऊन टाकला होता, आणि लिलावाचें उत्पन्न लापिएर यांच्या संस्थेमार्फत भारतांतील दरिद्री मुलांच्या कामीं लागलें.

एवढ्या पैशांत पैठण्यांची गाडी भरली असती, असें आमच्या वाचकांच्या घरांतील एखाद्या आजीबाई म्हणतील, आणि त्यांचा हिशेब कांहीं चुकीचा नाहीं. परंतु एक गोष्ट त्यांनाही मान्य करावी लागेल. त्या काळच्या दुसऱ्या कित्येक नट्यांचे पोशाख आज पाहिले असतां ते अमुक सालचे म्हणून तत्काळ ओळखूं येतात व थोडें हंसूंही येतें. या झग्याचें चित्र मात्र साठांहून अधिक वर्षें लोटलीं तरी शिळें झालेलें नाहीं. नातीच्या खोलींत तें लागतें, आणि आईलाही तें पाहून आपलें तरुणपण आठवतें. यास कारण काय असावें?

आमच्या मतें याचें मूळ त्या नटीच्या आत्मपरीक्षणांत आहे. आपल्या अंगीं काय आहे व काय नाहीं, याचा तिनें एखाद्या वैद्याच्या अलिप्तपणानें विचार केलेला होता. उंची ५ फूट ७ इंच, म्हणून सपाट तळव्याचे जोडे तिच्या आवडीचे. मान लांब, ती तिनें लपविली नाहीं. केंस आंखूड तरी ठेवले, नाहीं तर उंच बांधले. गळ्याचीं हाडें वर आलेलीं, म्हणून नावेच्या कांठासारखा आडवा, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत जाणारा गळा तिनें पसंत केला. त्यानें हाडें झांकलीं गेलीं आणि खांदे शोभले. १९५४ च्या ‘सब्रिना’ या बोलपटांत तो दिसला, आणि पाश्चात्त्य शिवणकलेंत त्यास आजही ‘सब्रिना गळा’ म्हणतात.

शिवणकाम करणाऱ्या भगिनींस पुढील गोष्ट सांगावयास नकोच. ज्या पोलक्यावर कशिदा वा भरजरी कांठ आहे, त्याची बगल थोडी चुकली तरी पाहणाराची दृष्टि कशिद्यावर जाते. सबंध साध्या कापडाला असा आश्रय नसतो. तेथें बेतणी चुकली कीं ती उघडी पडते. तेव्हां साधा पोशाख म्हणजे स्वस्त पोशाख, ही समजूत खरी नव्हे. जिव्हाँशी यांचे झगे तर मुळींच स्वस्त नव्हते.

परंतु ज्या वेषानें ती प्रथम जगापुढें आली तो मात्र कोणत्याही कारकुनी करणाऱ्या मुलीला आपल्या पगारांत शिवून घेतां आला असता. ‘रोमन हॉलिडे’ (१९५३) या बोलपटांत एक राजकन्या वाड्यांतून पळून रोम शहरांत एक दिवस हिंडते. तिच्या अंगांत दिवसभर एकच पांढरा सदरा व एकच घेरदार स्कर्ट. आरंभीं बाह्या मनगटापर्यंत, गळा नीट बंद. पुढें केंस कापून होतात, बाह्या वर दुमडल्या जातात, गळा मोकळा होतो, मानेस एक लहानसा रुमाल येतो. कपडा तोच, अंगांतील मुलगी मात्र क्षणोक्षणीं निराळी दिसूं लागते. या कामाबद्दल ऑड्रीस उत्कृष्ट अभिनेत्रीचें ऑस्कर पारितोषिक मिळालें, आणि वेषभूषेचें ईडिथ हेड यांस.

जिव्हाँशी यांची व तिची गांठ पडली तीही याच १९५३ सालीं, आणि मोठ्या गमतीनें. ‘सब्रिना’साठीं कपडे निवडावयास मिस हेपबर्न येत आहेत असा निरोप त्यांस मिळाला, तेव्हां त्यांना वाटलें कीं त्या काळची सुप्रसिद्ध नटी कॅथरिन हेपबर्नच येणार. दार उघडून आंत आली ती अरुंद तुमान, तोकडा सदरा, सपाट जोडे आणि गवती टोपी घातलेली एक काटकुळी पोर! नवे नमुने तयार करण्याच्या गर्दींत असल्यामुळें त्यांनीं नवें कांहीं शिवून देण्यास नकार दिला. तिनें तक्रार केली नाहीं. तयार असलेल्या कपड्यांतून आपल्याला काय शोभेल तें निवडून घेतलें. त्या बोलपटाच्या वेषभूषेचें ऑस्कर पुन्हां ईडिथ हेड यांसच मिळालें, आणि जिव्हाँशींचें नांव श्रेयनामावलींत आलेंच नाहीं. ही गोष्ट न्यायाची झाली असें आम्हांस वाटत नाहीं. तरीही त्या दोघांचा स्नेह तिच्या अखेरपर्यंत टिकला.

तिचा नेहमींच अचूक अंदाज असे, असेंही नव्हे. ‘फनी फेस’ (१९५७) मध्यें काळा सदरा व काळी तुमान घालून ती नाचते, त्यावर दिग्दर्शक स्टॅन्ली डोनन यांनीं पांढरे मोजे सुचविले. पायांकडे लक्ष जाईल म्हणून ती फार नाराज झाली. पडद्यावर पाहिल्यावर मात्र तिनें चिठी पाठवून कळविलें कीं मोज्यांविषयीं आपलें म्हणणें बरोबर होतें.

हें वारें आपल्याकडे आलें तें मुंबईच्या वाटेनें. ‘लव्ह इन सिमला’ (१९६०) या बोलपटाच्या वेळीं नायिका साधना हिचें कपाळ फार रुंद दिसतें, अशी अडचण दिग्दर्शक आर. के. नय्यर यांस पडली. त्यांनीं ऑड्रीच्या केंसांवरून युक्ति घेतली व कपाळावर आंखूड बटांची झालर सोडविली. तोच आपल्या घरोघरीं माहीत असलेला ‘साधना कट’. नय्यर यांनीं येथें केवळ नक्कल केली असें म्हणतां येत नाहीं. एका चेहऱ्याची अडचण ओळखून त्यांनीं तिच्यावर उपाय शोधला. नक्कल झाली ती पुढें, जेव्हां ज्यांचें कपाळ मुळांतच दोन बोटांचें होतें अशा मुलींनींही केंस कापून घेतले आणि भुवयांपर्यंत मुखचंद्राला खग्रास ग्रहण लागलें! याच साधनाचा ‘वक्त’ (१९६५) मधील अंगाबरोबर बसणारा कुडता व चुडीदार कोल्हापूरच्या भानू अथैया यांनीं घडविला. त्यांचा जन्म २८ एप्रिल १९२९ चा आणि ऑड्रीचा ४ मे १९२९ चा. म्हणजे दोघींत सहाच दिवसांचें अंतर. ‘गांधी’ या बोलपटाच्या वेषभूषेबद्दल १९८३ सालीं अथैयाबाईंस ऑस्करमध्यें वांटा मिळाला, आणि तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या.

आतां ज्या गोष्टीकरितां मुख्यतः हें लिहावयास घेतलें तिच्याकडे वळतों. अलीकडे पुष्कळ घरांतून ऐकूं येतें कीं सोळा-सतरा वर्षांची मुलगी रात्रीं पानावर बसत नाहीं, ‘भूक नाहीं’ म्हणते, दिवसांतून तीन वेळां वजनाच्या कांट्यावर उभी राहते. आई रागें भरते, आजी दृष्ट काढते. आणि मुलीच्या भिंतीवर पाहावें तों हेंच चित्र: काळा झगा, लांब हातमोजे, मोत्यांचा कंठा, आणि मुठींत मावेलशी कंबर.

ती कंबर कोठून आली हें त्या मुलीला कोणीं तरी सांगितलें पाहिजे. १९३९ सालीं युद्ध पेटलें तेव्हां ऑड्रीच्या आईनें तिला इंग्लंडांतून हॉलंडांत आणलें, कारण तो देश तटस्थ राहील अशी तिची कल्पना होती. १९४० च्या मे महिन्यांत जर्मन सैन्य तेथें शिरलें. १९४२ सालीं तिच्या मावशीच्या यजमानांस ओलीस म्हणून धरून गोळ्या घालण्यांत आल्या. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत जर्मनांनीं अन्नाची वाट अडविली. लोकांनीं ट्यूलिप फुलांचे कंद खाऊन दिवस काढले आणि सुमारें २० हजार माणसें मेलीं. ऑड्री त्या वेळीं पंधरा वर्षांची होती. रक्तक्षय आणि अंगावर सूज, अशा स्थितींत तिनें तो हिवाळा काढला. तिचें स्वप्न नर्तकी होण्याचें होतें. युद्धानंतर लंडनमध्यें मारी रॅम्बर्ट यांच्याकडे ती शिकावयास गेली, तेव्हां तिला सांगण्यांत आलें कीं उंचीमुळें व वाढीच्या वयांतील उपासमारीमुळें पहिल्या दर्जाची नर्तकी होणें तिला शक्य नाहीं.

ज्या वयांत हाडामांसाची घडण होते त्या वयांत तिला अन्न मिळालें नाहीं, आणि मिळालें असतें तर तिनें तें आनंदानें खाल्लें असतें. जिव्हाँशींची कारागिरी ही, कीं त्या देहाला शोभेल असें त्यांनीं शिवलें. आपल्या मुलीचे खांदे रुंद असतील, दंड भरलेले असतील, तर तिच्या शिंप्यानें त्या खांद्यांस व दंडांस शोभेल असें शिवावें. ऑड्रीचें अनुकरण करावयाचें तर तें या बाबतींत करावें. दृष्ट काढून हें काम होणार नाहीं, आणि रागें भरूनही नाहीं. मुलगी महिनोन्महिने जेवण टाळीत असेल तर तिला डॉक्टरकडे न्यावें, लाज धरूं नये.

युद्धाच्या शेवटीं मदतीचें अन्न घेऊन येणाऱ्या संस्थांची आठवण ती कधींच विसरली नाहीं. १९८८ पासून ती युनिसेफच्या कामीं लागली. त्या वर्षीं इथिओपियांत आणि १९९२ च्या सप्टेंबरांत सोमालियांत जाऊन आली. त्या वेळच्या छायाचित्रांत तिच्या अंगांत साधा सुती सदरा आहे, केंस मागें बांधलेले आहेत, आणि जवळ हाडांचा सांपळा झालेलें एखादें मूल आहे. पुढें चारच महिन्यांनीं, २० जानेवारी १९९३ रोजीं, स्वित्झर्लंडांतील आपल्या घरीं ती वारली.

तिच्या धाकट्या मुलानें २०१५ सालीं आईच्या स्वयंपाकघराविषयीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. तिला टोमॅटोच्या रसांतील शेवया, ज्यांस इटलींत स्पॅगेटी म्हणतात, अतिशय आवडत, असें त्यावरून दिसतें. ज्या घरांत तें चित्र भिंतीवर आहे तेथें हें पुस्तकही आणावें, आणि एखाद्या रविवारीं मुलीच्याच हातून त्या शेवया करवाव्यात. टोमॅटो मात्र चांगले पिकलेले घ्यावे.