घाट, धूर आणि चिप

रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालेली जुनी डिझेल स्विफ्ट हातखंबा, पाली, साखरपा मजेत मागे टाकते. तिची परीक्षा पुढे आंबा घाटात असते. समोर भरलेला ट्रक, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दीड हजारावर. ॲक्सिलरेटर तळाशी टेकला तरी गाडी ओढ घेत नाही. काटा दोन हजारांपुढे सरकला की ती एकदम उसळते, पण तोवर पुढचे वळण अंगावर आलेले असते. ‘गाडी उचलत नाही’ ही तक्रार गॅरेजात पोचते ती या अनुभवातून, आणि ‘चिप मारून घ्या’ हा सल्लाही तिथेच मिळतो.

चिप मारण्याची हौस फक्त वात्रट पोरांची आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाले, तेव्हा मारुती आणि फोक्सवॅगन दोघांनीही छोट्या डिझेल गाड्या बंद केल्या. पुढे हळूहळू नवी डिझेल हॅचबॅक म्हणून टाटांची अल्ट्रोझ एवढीच उरली. त्यामुळे ज्यांच्याकडे स्विफ्ट, पोलो, पुंटो किंवा इंडिका व्हिस्टा आहे, त्यांतले बरेच जण ती विकायला तयार नाहीत. एमएच ०८ पाटीच्या या गाड्या मुंबईच्या फेऱ्या मारतात, आंब्याच्या हंगामात पेट्या वाहतात, उरलेले दिवस घराचे काम करतात. जी गाडी आणखी काही वर्षे सांभाळायची आहे, ती अधिक चांगली चालावी असे वाटणारच. तिचे बॉनेट उघडून स्वतःच्या हाताने पाने लावणारा माणूस तर कौतुकाचाच धनी आहे. प्रश्न एवढाच, की तो नेमके काय बदलतो आणि कशाच्या आधी काय बदलतो.

चिप मारण्याचे बाजारात दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे ट्यूनिंग बॉक्स. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी. इंजिनावरच्या कॉमन रेलच्या प्रेशर सेन्सरची पिन काढायची आणि ही डबी मध्ये जोडायची, काम दहा मिनिटांचे. डबी इंजिनाच्या संगणकाला खोटा आकडा सांगते, की रेलमध्ये दाब कमी आहे. संगणक बिचारा दाब वाढवतो आणि नोझलमधून जास्त डिझेल जाते. दुसरा मार्ग रिमॅपचा. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला लॅपटॉप जोडून संगणकातला मूळ हिशेबच बदलायचा, म्हणजे किती डिझेल, कोणत्या क्षणी, टर्बोचा दाब किती. टर्बोडिझेलमध्ये यातून वीस ते तीस टक्के ताकद वाढल्याचा दावा सर्रास केला जातो, आणि तो अगदीच पोकळ नसतो. कंपनीने राखलेली शिल्लक इंजिनात खरोखर असते.

ती शिल्लक कशासाठी राखली आहे, हे मात्र विचारले जात नाही. फियाटचे १,२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन आपल्याकडे जवळजवळ राष्ट्रीय डिझेल इंजिन ठरले. मारुतीने २००७ मध्ये ते डीडीआयएस नावाने स्विफ्टमध्ये आणले, टाटांनी क्वाड्राजेट म्हणून व्हिस्टात बसवले, आणि पुण्याजवळच्या रांजणगावला फियाटच्या कारखान्यात ते तयार होत होते. स्विफ्टमध्ये त्याची ताकद ७५ अश्वशक्ती, व्हिस्टा डी९० मध्ये ९०. इंजिन तेच, मग पंधरा अश्वशक्ती लॅपटॉपवरूनच का काढू नयेत, असा युक्तिवाद गॅरेजात ऐकू येतो. पण ९० वाल्या गाडीत टर्बोच वेगळा आहे. त्याची आतली पाती फिरतात, त्यामुळे कमी फेऱ्यांवरही हवा मिळते. ७५ वाल्याचा टर्बो स्थिर पात्यांचा. त्याच्याकडून तेवढीच ताकद काढायची, तर फक्त डिझेल वाढवावे लागते. हवा वाढत नाही, डिझेल वाढते. मागून काळा धूर येतो, एक्झॉस्टचे तापमान चढते आणि मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास फिरणाऱ्या टर्बोच्या शाफ्टचे तेल जळू लागते. क्लचही मूळ ताकदीच्याच हिशेबाने बसवलेला असतो. घाटात तो घसरू लागला, की चिपच्या खर्चापाठोपाठ क्लचप्लेटचा खर्चही येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, आंबा घाटातली मूळ तक्रार चिपने फारशी मिटत नाही. दीड हजार फेऱ्यांवर टर्बोकडे वायूचा झोतच नसतो. टर्बो फिरायला लागण्याआधी डिझेल कितीही ओतले, तरी बाहेर पडतो तो बराचसा धूर. तिथे दुसरा गिअर टाकून काटा दोन हजारांवर ठेवणे हाच उपाय आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

त्याही आधी गाडी मुळात जेवढी ताकद देते, तेवढी तरी देते आहे का, हे तपासावे. कोकणातल्या कितीतरी ‘मरगळलेल्या’ डिझेल गाड्यांचा आजार एका रबरी पाइपात सापडतो. टर्बोकडून इंजिनाकडे दाबाखाली हवा नेणारा हा जाड पाइप उन्हाने, तेलाने आणि वयाने चिरतो. चीर सहज दिसत नाही, कारण ती क्लिपच्या कडेला, खालच्या बाजूला असते. पाइपावरून बोट फिरवले की बोटाला तेलकट काळे लागते. क्लिप सैल करून पाइप उतरवला, वाकवून उजेडाकडे धरला, की केसाएवढी रेघ दिसते. त्या रेघेतून दाब निसटतो, संगणकाला वाटते हवा पोचली, तो त्या हिशेबाने डिझेल देतो आणि गाडी धूर मारते. पुढे इनटेक मॅनिफोल्ड उघडले, तर आत काजळी आणि तेल मिळून झालेला घट्ट काळा थर असतो. धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हमधून येणारी काजळी आणि इंजिनाच्या श्वसननळीतून येणारे तेल एकत्र होऊन तो थर चढतो. तो खरवडून काढणे, हवेचा दाब मोजणारा सेन्सर क्लीनरने धुणे, पाइप आणि डिझेल फिल्टर बदलणे, ही कामे घरच्या अंगणात होतात. यातून जी ओढ परत मिळते, तिला चिप म्हणत नाहीत, पण ती खरी असते. फक्त कॉमन रेलच्या नळ्यांना घरी हात लावू नये. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते. चालू इंजिनाच्या रेलमध्ये दीड हजार बारपर्यंत दाबाचे डिझेल असू शकते आणि ती बारीक धार कातडीतून सरळ आत शिरते.

परगावचे व्हिडिओ पाहून केलेले दोन बदल रत्नागिरीत विशेष महागात पडतात. एक म्हणजे थंड हवेसाठी एअर फिल्टर खाली बंपरमागे उतरवणे. कागदावर कल्पना चांगली. पण इथे जुलैमध्ये रस्ता आणि वहाळ यांच्यात फरक राहत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. एवढा पूर लागतही नाही. खोलगट रस्त्यावर साचलेले पाणी पुरते. डिझेल इंजिन हवा सतरा-अठरा पट दाबते. तिथे पाणी शिरले की ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन संपते. दुसरा बदल तेल लावलेल्या कापडी ‘परफॉर्मन्स’ फिल्टरचा. उन्हाळ्यात जांभ्याची लाल धूळ ज्या गावच्या रस्त्यांवर उडते, तिथे कंपनीचा कागदी फिल्टर वेळेवर बदलणे यापेक्षा भले काही नाही. जास्तीचे तेल हवेच्या मीटरवर चढते आणि मग त्या मीटरचेच आकडे चुकतात.

ताकद वाढवायचीच असेल, तर तिच्या आधी थांबण्याची ताकद वाढवावी. किनाऱ्यावरची खारी हवा ब्रेकच्या लोखंडी नळ्या आणि कॅलिपरच्या पिना खाते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि ओल शोषलेले तेल लांब उतारावर तापून उकळते. पेडल मऊ होऊन खाली जाते. आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरताना हे घडले, तर वाढवलेल्या अश्वशक्तीचा उपयोग शून्य. दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलणे, चारही टायर एकाच प्रकारचे आणि नव्या रबराचे असणे, मागचे ड्रम उघडून साफ करणे, या कामांची बढाई कोणी मारत नाही. पण मोटारस्पोर्टवाले स्वतः हेच आधी करतात. फोक्सवॅगनने २०१० मध्ये भारतात पोलो कप सुरू केला, तेव्हा १.६ लिटरच्या डिझेल पोलोंना १३० अश्वशक्ती दिली. त्या गाड्यांत लोखंडी पिंजरा, शर्यतीचे टायर आणि शर्यतीचे सस्पेन्शन होते, आणि त्या चेन्नईजवळच्या बंद ट्रॅकवर धावल्या. रत्नागिरीत ट्रॅक नाही. इथली गाडी हातखंब्याच्या उतारावर एसटीच्या आणि दुचाकींच्या मधून जाते.

राहिला धूर. तो वापरणाऱ्याच्या मागे राहतो, म्हणून त्याला दिसत नाही. बाजारपेठेतल्या अरुंद रस्त्यावर मागे दुचाकीवर बसलेल्या मुलाच्या नाकाच्या उंचीवर तो सुटतो. ईजीआर बंद करून टाकणे किंवा नव्या गाड्यांतला काजळीचा फिल्टर काढून फेकणे हा ट्यूनिंगचा भाग मानणे थांबले पाहिजे; ती दुसऱ्याच्या फुप्फुसांची उधारी आहे. संगणकातला हिशेब बदलून प्रदूषण लपवण्याचा जगातला सर्वात मोठा प्रकार सप्टेंबर २०१५ मध्ये उघडकीस आला तो फोक्सवॅगनचा. भारतात पुण्याच्या एआरएआय या वाहन-तपासणी संस्थेने गाड्या तपासल्या आणि कंपनीला तीन लाख तेवीस हजारांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्या घोटाळ्यावर संतापणारा माणूस आपल्याच गाडीच्या संगणकात तशी बदललेल्या हिशेबाची फाइल टाकून घेतो, तेव्हा त्याने थोडा विचार करावा. पीयूसीचा कागद यात आधार देत नाही. भारत स्टेज चारच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा १.६२ आहे, त्याआधीच्या गाडीला २.४५, पण ती चाचणी न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर दाबून होते. चढावर, भाराखाली निघणारा धूर त्या यंत्रापुढे येतच नाही.

कायदा आजही कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने नोंदवलेल्या तपशिलांत मनमानी बदल चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड ठेवला. तरीही चिप मारणे थांबले नाही, कारण चिप डोळ्यांना दिसत नाही. मोठे चाक पोलिसाला दिसते, बदललेली फाइल दिसत नाही. विमा कंपनीलाही ती सांगितली जात नाही आणि अपघातानंतर दाव्याच्या वेळी तीच नडू शकते.

चोरून चाललेल्या कामाला कोणी हमी देत नाही, कोणी मोजमापही करत नाही. म्हणून सरकारने यासाठी सरळ वाट काढावी. वाट नवी नाही. मान्यताप्राप्त किट, मान्यताप्राप्त केंद्र आणि आरसी बुकावर नोंद या पद्धतीने लाखो गाड्यांत सीएनजी बसले. जर्मनीत तर चाक, स्प्रिंग किंवा इंजिनाचा संगणक बदलला, की तपासणी संस्थेचा दाखला घेऊन तो गाडीच्या कागदांत चढवावा लागतो. एआरएआयने जुन्या लोकप्रिय डिझेल इंजिनांसाठी ठरावीक मर्यादेतले मॅप तपासून द्यावेत. गाडीची धूरचाचणी भाराखाली, रोलरवर व्हावी. ब्रेक आणि टायरची तपासणी उत्तीर्ण झाल्याशिवाय नोंद मिळू नये. आणि ईजीआर किंवा फिल्टर काढलेल्या गाडीला दार बंद असावे. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा ट्रेड करून बाहेर पडणाऱ्या मुलांना आज हे काम यूट्यूबवरून शिकावे लागते. मिरजोळे एमआयडीसीत एक रोलर डायनो आणि एक चांगला धूरमापक बसला, तर त्याच मुलांना ते उजेडात, पावती देऊन करता येईल.