पिवळा इशारा आणि पत्र्याची शेड

एप्रिल-मेमध्ये छत्रपती संभाजीनगरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि कधी कधी त्याच आठवड्यात हवामान खात्याचा मेघगर्जनेचा पिवळा इशाराही येतो. यात विसंगती काही नाही. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, समुद्राकडून बाष्प येतं आणि दुपारनंतर ढग उभे राहतात.

प्रश्न मोजमापाचा आहे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल, तर उष्णतेची लाट मानली जाते. दमट हवेत मात्र घाम वाळत नाही. तेव्हा वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये ३८ अंशही सोसवत नाहीत. म्हणूनच रोजच्या अंदाजात आर्द्रता आणि रात्रीचं तापमान ठळकपणे सांगायला हवं.

अहमदाबादने २०१३ मध्येच उष्णता कृती आराखडा आणला. इथेही इशारा निघताच मजूर अड्ड्यांवर पाणी आणि बांधकामांवर दुपारची सुट्टी हवी.

विजेचंही तसंच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं (आयआयटीएम) ‘दामिनी’ ॲप आगाऊ सूचना देतं. पण कन्नड-पैठणच्या शिवारात, झाडाखाली आडोसा शोधणाऱ्या स्मार्टफोन नसलेल्या मजुरापर्यंत ती ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरूनच पोहोचवावी लागेल.