ओवाळणीचे तबक खाली ठेवा

शाळेत कोणी मान्यवर पाहुणे यावयाचे असले म्हणजे चालकांना गाईड मुलींची हटकून आठवण होते. प्रवेशद्वारापासून व्यासपीठापर्यंत त्यांना दुतर्फा उभे केले जाते. कोणाच्या हाती ओवाळणीचे तबक, कोणाच्या हाती पुष्पगुच्छ. पाहुणे वेळेवर येत नाहीत हे सांगावयास नकोच. तासभर उन्हात तिष्ठलेल्या या मुलींचा मग भाषणात 'उद्याचे नेतृत्व' म्हणून गौरव होतो. नेतृत्वाचे शिक्षण देण्यासाठीच जन्मास आलेल्या चळवळीची ही विटंबना होय, असे आम्हांस स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

या चळवळीचा उगमच मुळी न बोलावता पुढे आलेल्या मुलींपासून झाला. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे बालवीरांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली आपणहून तेथे हजर झाल्या आणि आम्हीही स्काउटच आहोत, असे त्यांनी बेडन-पॉवेल यांस सांगितले. त्यातून १९१० मध्ये गर्ल गाईड्स संघटना उभी राहिली. पुढच्याच वर्षी जबलपूर येथे हिंदुस्थानातील पहिले पथक निघाले. आरंभी ते युरोपीय मुलींपुरतेच होते, हेही नमूद केले पाहिजे. १९५१ मध्ये गाईड संघटना भारत स्काउट्स आणि गाईड्स या राष्ट्रीय संस्थेत विलीन झाली आणि १९६६ साली जागतिक गाईड चळवळीचे 'संगम' हे केंद्र आमच्या पुण्यातच उघडले. देशोदेशींच्या तरुणी तेथे येऊन राहतात. किती पुणेकर पालकांना त्याचा पत्ता ठाऊक आहे, हे विचारण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

या शिक्षणाची पद्धत वरकरणी अगदी साधी आहे. सहा ते आठ मुलींची एक तुकडी आणि तिची नायिका त्यांच्यातलीच एक, बारा-तेरा वर्षांची पोर. शिबिरात तंबू कोठे ठोकावा, पाणी कोणी भरावे, चूल कोणी पेटवावी, हे तिने ठरवावयाचे. भात करपला तर साऱ्या तुकडीने तोच खावयाचा आणि दुसऱ्या दिवशी कामाची वाटणी पुन्हा तिनेच करावयाची. रुसलेल्या मैत्रिणीची समजूत घालणे, अंगचोर मैत्रिणीस कामास लावणे, आपली चूक चारचौघींत कबूल करणे, हे वक्तृत्वस्पर्धेच्या पाठांतराने साधत नाही. तुकडीनायिकांची सभा पथकाचा कार्यक्रम आखते. शिक्षिकाबाई तेथे असतात, परंतु तोंड आवरून. आमच्याकडे नेमके हेच साधत नाही. भात लागेलसा दिसताच बाई स्वतः उलथने हाती घेतात आणि मुलीचा धडा तेथेच संपतो.

मुलींसाठी वेगळी संघटना कशाला, असे काही सुबुद्ध लोक विचारतात. राष्ट्र सेवा दलाच्या शाखांतून मुलेमुली एकत्र वाढली आणि तो प्रयोग महाराष्ट्रास भूषणावह ठरला, हे आम्हांस मान्य आहे. तथापि जेथे तशी जागरूकता नसते तेथे तंबूचे दोर मुलांच्या हाती जातात व वाढप्याचे काम मुलींकडे येते, हा नित्याचा अनुभव आहे. दोर ओढावयास दुसरे कोणी नसले म्हणजेच तो आपल्यालाही ओढता येतो, हे मुलीस कळते.

पालकांचा दोषही लहान नाही. मुलगा मित्रांसह गडावर मुक्कामास जातो. मुलीचे दोन रात्रींचे शिबिर म्हटले की संमतिपत्र कोरे परत येते. त्यातच दहावीच्या सवलतीच्या गुणांपुरतीच गाईडची आठवण ठेवणारे चतुर लोक वाढले आहेत. ज्या शिक्षिका पथक चालवितात त्यांच्या तासिका काही कमी होत नाहीत. उत्साह टिकावा तरी कसा?

शाळाचालकांनी आठवड्याचा एक तास, पथक चालविणाऱ्या बाईंस कामातून तेवढी सवड आणि वर्षातून एक मुक्कामी शिबिर, एवढे तरी दिले पाहिजे. येत्या २२ फेब्रुवारीस जगभरच्या गाईड चिंतन दिवस पाळतील. त्या दिवशी आपल्या शाळांनी एकही पाहुणा बोलावू नये. कार्यक्रम मुलींनी आखावा, हिशेब मुलींनी ठेवावा, आणि मुख्याध्यापकांनी मागच्या बाकावर बसावे.