हौदा केवढा हवा?

अमेरिकेतल्या मराठी माणसाने पिकअप घ्यायची म्हटलं की मित्रमंडळी दोन प्रश्न विचारतात. पहिला, "कशाला?" आणि दुसरा, "घ्यायचीच तर एफ-१५० का नाही?"

पहिल्याचं उत्तर सरळ असतं. घरामागे अंगण असतं, वसंतात मल्चच्या गोण्या आणायच्या असतात, आयकियातून कपाट, मंडळाच्या गणपतीसाठी मखराचं सामान, उन्हाळ्यात मुलांच्या सायकली. एसयूव्हीच्या मागच्या सीटवर ओल्या मातीची एक गोणी फुटली की पुढचे सहा महिने गाडीतून वास जात नाही. दुसऱ्या प्रश्नाला मात्र माणूस चाचरतो. फोर्डची एफ-सीरीज १९७७ पासून या देशात सर्वाधिक विकली जाणारी ट्रकमालिका आहे, आणि तिच्यापेक्षा लहान काही घेणं म्हणजे कमीपणा, असं इथल्या हवेतच आहे. चार दारांची एफ-१५० आखूड हौद्यासकट जवळपास ५.९ मीटर लांब भरते. उपनगरातल्या कितीतरी गॅरेजांत ती शिरल्यावर दार लागत नाही.

ट्रकवाल्यांच्या लेखी खरा ट्रक म्हणजे लॅडर फ्रेमचा. खाली पोलादी चासी, वर बसवलेली केबिन, मागे वेगळा हौदा. आपल्याकडची हायलक्स, इसुझूची व्ही-क्रॉस, महिंद्राची बोलेरो पिकअप याच जातीच्या. युनिबॉडीत चासी वेगळी नसते. क्रेटा किंवा नेक्सॉनसारखा सांगाडा एकसंध असतो, आणि त्याच्याच मागच्या अंगाला हौदा काढलेला असतो. अमेरिकेत आज घरगुती ग्राहकाने बघाव्यात अशा या जातीच्या गाड्या तीन. लहान मापात फोर्ड मॅव्हरिक आणि ह्युंदाई सांताक्रूझ, मध्यम मापात होंडा रिजलाइन. 'लहान' हा शब्द अर्थात अमेरिकी. मॅव्हरिक पाच मीटरहून थोडी लांबच आहे, म्हणजे आपल्या इनोव्हा क्रिस्टापेक्षा फूटभर जास्त.

या तिघींचंच राज्य का, याचं उत्तर कोंबडीपाशी जातं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला युरोपने अमेरिकेच्या स्वस्त कोंबडीवर जबर जकात लावली. डिसेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी उत्तर म्हणून बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के कर बसवला. बाकीचे कर यथावकाश गेले, ट्रकवरचा राहिला. बाहेरून छोटा, स्वस्त पिकअप आणून विकणं त्यामुळे आतबट्ट्याचं झालं. सुबारूने तर आपल्या ब्रॅट गाडीच्या उघड्या हौद्यात पाठमोऱ्या दोन खुर्च्या ठोकल्या आणि हा ट्रक नसून प्रवासी गाडी आहे असं कस्टमला पटवलं. हायवेवर त्या खुर्च्यांत बसून जाणाऱ्यांच्या धैर्याला माझा नमस्कार! इथेच बनणारे ट्रक मग स्पर्धेविना फुगत गेले. फोर्डने छोटी रेंजर २०११ मध्ये अमेरिकेत बंद केली आणि २०१९ मध्ये परत आणली, ती पुष्कळ मोठी होऊन. रिजलाइन आणि सांताक्रूझ दोन्ही अलाबामात बनतात, मॅव्हरिक मेक्सिकोतल्या एर्मोसियोत. शेजारी देशांशी असलेल्या व्यापार करारामुळे मॅव्हरिक आली तेव्हा मेक्सिको या कराबाहेर होता.

म्हणूनच २०२१ मध्ये मॅव्हरिक १९,९९५ डॉलरच्या मूळ किमतीला जाहीर झाली तेव्हा लोक तुटून पडले. तेवढ्या पैशांत हायब्रिड इंजिन, पाच जणांची जागा आणि साडेचार फुटांचा हौदा. ती किंमत आता विसरा. मूळ मॉडेलच सव्वीस हजारांच्या पुढे गेलं आहे, आणि २०२५ मध्ये नवी आयातशुल्कं आल्यावर फोर्डने मेक्सिकोत बनणाऱ्या ज्या गाड्यांच्या किमती चढवल्या त्यांत मॅव्हरिकही होती. सांताक्रूझ एकोणतीस हजारांच्या आसपास सुरू होते आणि रिजलाइन चाळीस हजारांच्या.

हे आकडे बघून बहुतेक जण ताबडतोब ओढण्याची ताकद विचारतात. ट्रेलर एकदाही न जोडलेला माणूससुद्धा आधी हेच विचारतो. तर, टर्बो इंजिन आणि चारही चाकांना ताकद असलेली सांताक्रूझ ५,००० पौंड ओढते, रिजलाइनही तेवढंच. मॅव्हरिक २,००० पौंड, वेगळं पॅकेज घेतलं तर ४,०००. लॅडर फ्रेमची टॅकोमा ६,५०० आणि रेंजर ७,५०० पौंडांपर्यंत जाते. तुमच्याकडे मोठी बोट किंवा घरासारखा कॅम्पर असेल तर हा लेख इथेच सोडा आणि त्या दोघींकडे वळा.

राहिलेल्यांनी बघायचा आकडा वेगळाच आहे आणि तो जाहिरातीत ठळक नसतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर पिवळी पट्टी असलेलं एक लेबल दिसतं. माणसं आणि सामान मिळून एकूण किती वजन चालेल, ते त्या विशिष्ट गाडीसाठी तिथे छापलेलं असतं. मॅव्हरिकला कमाल १,५०० पौंड, म्हणजे ६८० किलो. रिजलाइनही सातशे किलोंच्या आसपास. आता प्रत्येकी पंचाहत्तर किलोंची पाच माणसं बसवा. ३७५ किलो तिथेच संपले, हौद्यासाठी उरले तीनशे. ट्रेलर जोडला तर त्याच्या वजनाचा दहा-पंधरा टक्के भार हुकावर येतो, तोही याच हिशेबातला. फरशी बसवायला काँक्रीटच्या ऐंशी पौंडी गोण्या आणायच्या तर एकट्याने जा. सोळा गोण्या येतील. बायकामुलांसकट गेलात तर तेवढ्या येणार नाहीत. महागडं मॉडेल घेतलं की सनरूफ, मोठी चाकं वगैरेंमुळे हा आकडा बहुधा घटतो, वाढत नाही. जास्त पैसे देऊन कमी वजन वाहणारी गाडी घ्यायची, हा प्रकार मला अजून पचलेला नाही.

गंमत म्हणजे रिजलाइन पहिल्यांदा बाजारात आली त्याच २००५ साली पुण्यात टाटाने एस काढली, आपला छोटा हत्ती. सातशे सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, सोळा अश्वशक्ती, आणि कागदोपत्री पाऊण टन वजन वाहण्याची ताकद. आजच्या रिजलाइनच्या साडेतीन लिटरच्या व्ही-६ मध्ये २८० अश्वशक्ती आहे, आणि वजन ती हत्तीपेक्षा थोडं कमीच वाहते. तुलना अन्यायाची आहे हे मान्य. छोट्या हत्तीत पाच जण एसीत बसून ताशी सव्वाशे किलोमीटरने जात नाहीत. पण 'ट्रक' या नावाखाली आपण पैसे नेमके कशाचे मोजतो, हे त्यातून कळतं. पैसे मोजले जातात ते केबिनचे.

आणि केबिनच्या बाबतीत रिजलाइन खरोखरच चांगली आहे. मागच्या सीटवर मोठी माणसं ऐसपैस बसतात. मागे पाटे नाहीत, प्रत्येक चाकाचं सस्पेन्शन स्वतंत्र, त्यामुळे रिकामा हौदा घेऊनही खड्ड्यात ती उधळत नाही. हौदा पाच फुटांहून लांब, आणि चाकांच्या कमानींमध्ये इतकी रुंदी की चार फुटी प्लायवूड सपाट तळाला बसतं. फाळका खालीही पडतो आणि दारासारखा बाजूलाही उघडतो. हौद्याच्या तळाखाली सुमारे दोनशे लिटरची कुलपाची डिकी आहे, पाणी काढायला तिला बूच आहे. फक्त स्टेपनीही त्याच पोटात आहे. मागे माती भरलेली असताना टायर बसला तर आधी सगळी माती उपसायची!

मॅव्हरिकमध्ये प्लायवूड चाकांच्या कमानींवर टेकतं. फाळका अर्धवट उघडून अडकवला की आठ फुटी तावाला आधार मिळतो, पण ताव बाहेर येतोच. हौद्याच्या भिंतींना खाचा दिल्या आहेत. त्यांत लाकडी फळ्या खोवून कप्पे पाडता येतात, त्यासाठी कंपनीचं महागडं सामान लागत नाही. ज्याने कुणी हे आखलं त्याने स्वतः कधीतरी सामान भरलेलं असणार. आतलं प्लास्टिक मात्र स्वस्त आहे, आणि लांबच्या प्रवासात मागे बसलेल्या उंच माणसाची तक्रार खरी असते.

सांताक्रूझबद्दल मला फार बोलायचं नाही. दिसायला तिघींत देखणी, आतून ह्युंदाईच्याच टुसॉन एसयूव्हीची बहीण, वरच्या मॉडेलांत हौद्यावर सरकतं, कुलूप लागणारं झाकण. पण हौदा तिघींत आखूड, जेमतेम सव्वाचार फुटांचा, आणि टर्बो घेतली तर तेल रिजलाइनएवढंच. ज्याला टुसॉनच घ्यायची होती पण चिखलाचे बूट आत नको होते, त्याची ती गाडी.

तेलाचा हिशेब तर निकालच लावतो. मॅव्हरिक हायब्रिडला सरकारी चाचणीत गॅलनमागे ३७ मैल मिळतात, म्हणजे लिटरला जवळपास सोळा किलोमीटर. शहरात त्याहून जास्त. रिजलाइनला २१ मैल, लिटरला नऊच्या आत. वर्षाला बारा हजार मैल चालवणाऱ्याचे सुमारे अडीचशे गॅलन वाचतात. गॅलनला तीन डॉलर धरले तरी साडेसातशे डॉलर, दर वर्षी. शिवाय विकत घेतानाचा दहा हजारांहून जास्तीचा फरक आहेच.

तेव्हा डीलरकडे जाताना मोजपट्टी न्या आणि जी गाडी घेणार आहात तिच्याच दारावरचं लेबल वाचा. शोरूममध्ये चकाकणाऱ्या वरच्या मॉडेलचं नव्हे. रोज ऑफिसला जायचं आणि शनिवार-रविवारी अंगणातलं काम करायचं, एवढाच व्याप असेल तर मॅव्हरिक हायब्रिड घ्या, साध्यातली साधी. आईवडील भारतातून येऊन सहा-सहा महिने राहत असतील, मुलं उंच होत असतील, शिवाय दर महिन्याला प्लायवूड आणावं लागत असेल तरच रिजलाइनचे जादा पैसे वसूल होतात. आणि हौदा वर्षातून दोनदाच लागणार असेल तर यातली एकही घेऊ नका. होम डेपोच्या दारात ट्रक तासाच्या भाड्याने मिळतो.