फुकट ते पौष्टिक?

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाला जरा सांभाळून घ्या. मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे.

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. सबमिशनला चार दिवस उरलेले, आणि आमच्या रूमवर पेनड्राइव्हमधून एक मोठा गेम आला. अर्थातच क्रॅक केलेला. 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं त्यातच लिहिलं होतं. आम्ही भावी इंजिनिअर, लगेच बंद केला! दुसऱ्या दिवशी मिनी प्रोजेक्टची एकही फाइल उघडेना. कोड गेला, रिपोर्ट गेला. बॅकअप का घ्यावा हे आम्ही पेपरात पाच मार्कांना लिहितो, प्रत्यक्षात घेत नाही. तीन रात्री जागून सगळं परत केलं. गेम तर चाललाच नाही, कारण आमच्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्डच नाही.

तेव्हापासून 'फुकट ते पौष्टिक' या म्हणीवरचा माझा विश्वास उडाला. खरं तर आपल्याला त्या अवाढव्य गेम्सची गरजच नाही. दोन-चार जणांनी, कधी एकट्याने बनवलेले छोटे गेम असतात, त्यांना इंडी म्हणतात. 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम एरिक बॅरोन नावाच्या एका माणसाने चारेक वर्षं खपून एकट्याने बनवला आणि 2016 मध्ये आणला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, कोडही त्याचाच. आपल्याकडे चार जणांच्या ग्रुपमध्ये काम कोण करतं, ते सांगायला नकोच!

आता पैशांचं. घरून येणारे पैसे मोजके असतात, मान्य. पण स्टीमवर भारतात किंमती रुपयांत असतात, आणि सेलमध्ये शंभर-दीडशेत चांगला गेम मिळतो. आवडलेला गेम विशलिस्टमध्ये टाकून ठेवायचा आणि सेलची वाट बघायची, आपली आई दिवाळीच्या साडीची बघते तशी. वर्षातून तीनदा तिथे 'नेक्स्ट फेस्ट' भरतो. येऊ घातलेल्या शेकडो गेम्सचे डेमो तेव्हा फुकट खेळता येतात. इच.आयओ या साइटवर तर कितीतरी गेम फुकट किंवा 'जमेल तेवढे द्या' अशा बोलीवर मिळतात. आणि विकत घेण्याआधी एक काम नक्की करा : रॅम आणि ग्राफिक्सची अट वाचा. आम्ही वाचली नव्हती.

स्टीमवर घेतलेला गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर चौदा दिवसांत परत करता येतो. इथे माझी खरी परीक्षा झाली. मी 'वेनबा' घेतला. टोरांटोच्या छोट्याशा स्टुडिओचा, 2023 चा गेम. एक तमिळ जोडपं कॅनडात जातं. बाई आईच्या फाटक्या वहीतून इडली, बिर्याणी करायला बघते, पुसलेल्या ओळी आपण ओळखायच्या. मुलगा मोठा होतो आणि तमिळला इंग्लिशमध्ये उत्तरं द्यायला लागतो. दीडेक तासात गेम संपला. म्हणजे पैसे परत मागता आले असते! रूममेट म्हणालीही, 'माग की गं.' पण मला माझी आजी आठवत होती. ती फोनवर विचारते, 'काय करी ऱ्हायनी वं?' आणि मी म्हणते, 'नथिंग आजी, स्टडी.' घरात अहिराणी असून मला ती धड बोलता येत नाही. एवढं टोचणाऱ्या गोष्टीचे पैसे परत मागायचे? पोटभर जेवून बिल न देता उठण्यासारखंच ते. नाही मागितले.

सर-मॅडमना आणि पालकांना वाटतं, गेम म्हणजे अभ्यासाची वाट लागली, नाहीतर जुगार. त्यांची भीती खोटी नाही. पैसे लावून खेळायच्या अ‍ॅप्समध्ये पोरांनी फीचे पैसे घालवल्याचं आपण ऐकलंय. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने अशा ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला, ते बरंच झालं. पण त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि साधे गेम वेगळे ठेवलेत. आपणही तो फरक करायला हवा. 2024 चा 'बलात्रो' पोकरच्या पत्त्यांवर आहे, पण त्यात एक रुपयाही लागत नाही, लागतो तो हिशेब. प्रॉबॅबिलिटी मला लेक्चरपेक्षा तिथे जास्त कळली. (सर, सॉरी.) आणि 'वेनबा'सारखा छोटा गेम संपतो, हा त्याचा मोठा गुण आहे. रात्री तीनपर्यंत जागवतात ते न संपणारे मोबाइल गेम.

आपल्याच पुण्यात 'नॉडिंग हेड्स' या स्टुडिओने 'राजी' बनवला. 2017 मध्ये लोकवर्गणीची मोहीम फसली, तरी ते थांबले नाहीत. 2020 मध्ये गेम आला आणि 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पहिल्या गेमच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. पुण्याला जमतं, तर नंदुरबारला का नाही? गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आहे, तेही क्रॅक न करता! विषय तर दारात पडलेत. पथारीवर लाल मिरची वाळतेय, अवकाळी पाऊस येतोय, दहा मिनिटांत किती झाकाल? काठीच्या होळीला डोंगरातून रात्रभर चालत पोचायचंय. धडगावची माझी मैत्रीण म्हणते, पात्रं पावरीतच बोलायला हवीत. मी म्हटलं, आजीचं पात्र अहिराणी बोलेल. त्यासाठी आधी मला आजीकडून शिकावं लागेल.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. या सेमिस्टरला प्रत्येक रूमने मिळून एक छोटा गेम विकत घ्या. चौघींत पन्नासच्या आत येतो. खेळा, त्यावर भांडा. आणि गॅदरिंगला फिशपाँडसोबत एक टेबल आपण बनवलेल्या गेम्ससाठीही ठेवूया.

आणि हो, बॅकअप घ्या.